पिवळी शेपूट, पिवळी छत्री

पाऊस नीट लागला की बडोद्यातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. तुळशीच्या नाहीतर मनीप्लँटच्या कुंडीत रातोरात उगवलेली पिवळीधमक छत्री, आणि खाली प्रश्न, ‘हे खातात का?’ रावपुऱ्यातली एखादी मावशी लगेच निकाल देते: पिवळं आहे म्हणजे विषारी, हात लावू नका. त्यावर पुण्याचा भाचा लिहितो, अगं मावशी, युरोपात पिवळी अळंबी केवढ्याला विकतात माहितीये का! मग कुणीतरी मासळीचा विषय काढतं, कारण आपल्याकडे मासळीचा विषय निघायला निमित्त लागत नाही. पिवळ्या शेपटीचा मासा म्हणजे ताजा, की पिवळट पडलेला म्हणजे शिळा?

मावशी, भाचा आणि मासळीवाले, तिघांनीही एक गोष्ट धरून चालवलेली असते: रंग बघून खाण्याचा निकाल लावता येतो. माझं म्हणणं असं की पिवळा रंग बरंच काही सांगतो, पण नेमकं तेवढंच सांगत नाही. मासा काय खाऊन वाढला, अळंबी कोणतं रसायन बनवते, हे त्यातून कळू शकतं. माणसाला आजारी पाडणाऱ्या द्रव्यांना मात्र बहुतेक वेळा रंगच नसतो.

पिवळेपणा येतो कुठून

निसर्गातला पिवळा रंग पुष्कळदा कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा असतो. गाजर, हापूस, पपई, झेंडू, अंड्याचा बलक, सगळीकडे हीच मंडळी. आजवर अशी एक हजाराहून अधिक द्रव्यं नोंदली गेली आहेत. रचना समजायला अवघड नाही. साधारण 40 कार्बन अणूंचा सांगाडा, त्यात लांबच लांब साखळी आणि साखळीत एक सोडून एक दुहेरी बंध. अशी साखळी प्रकाशातला निळा-जांभळा भाग शोषून घेते आणि उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा, केशरी किंवा तांबडा दिसतो. साखळीच्या टोकाला ऑक्सिजन चिकटला, एखादा बंध इकडचा तिकडे झाला, की छटा बदलते.

ही द्रव्यं मुळापासून बनवतात त्या वनस्पती, शेवाळं, काही जिवाणू आणि बऱ्याच बुरशा. प्राण्यांना ते जमत नाही. ते खाऊन मिळवतात. कच्छच्या रणात येणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग असाच खाण्यातून आलेला. याला एक गमतीदार अपवाद आहे. वाटाण्याच्या वेलावर पडणारा मावा स्वतःचं कॅरोटिनॉइड स्वतः बनवतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की त्यासाठी लागणारी जनुकं माव्याच्या पूर्वजांनी कधीकाळी बुरशीकडून उचलली होती. म्हणजे त्या किड्याच्या रंगाची कृती बुरशीच्या घरातली.

मासा आणि अळंबी यांच्यातला पहिला फरक इथेच आहे. पिवळी अळंबी आपला रंग स्वतः तयार करते. मासा तो बाहेरून आणतो, निदान बराचसा. माशाच्या कातडीत झँथोफोर नावाच्या पेशी असतात आणि त्यांत दोन प्रकारची पिवळी द्रव्यं साठतात. एक कॅरोटिनॉइड, म्हणजे अन्नातून आलेलं. दुसरं टेरिडीन गटातलं, ते मासा स्वतः बनवू शकतो. कोणत्या माशात कशाचा वाटा किती, हे जातीजातीवर अवलंबून असतं.

यलोटेल म्हणजे नक्की कोण

मोठ्या शहरांतल्या जपानी हॉटेलांत ‘यलोटेल’ म्हणून जो मासा मिळतो तो बहुधा सेरिओला क्विंकेरेडिआटा. जपान आणि कोरियाच्या आसपासच्या समुद्रातला, अंगाने लांबोळका, पाठीवर निळसर हिरवा, पोटाला रुपेरी, आणि डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक पिवळा पट्टा. शेपूटही पिवळट. जपानी लोक त्याला वाढीच्या टप्प्यानुसार वेगवेगळ्या नावांनी ओळखतात. पूर्ण वाढलेला मासा तो बुरी. हिवाळ्यात तो चरबीने भरतो तेव्हा त्याला सगळ्यात जास्त मागणी. 1920 च्या दशकाच्या शेवटी कागावा प्रांतातल्या एका खाऱ्या तळ्यात त्याची शेती सुरू झाली, आणि आज जपानात वर्षाला एक लाख टनांच्या आसपास मासा पिंजऱ्यांत वाढवला जातो. शेतीसाठी लागणारी पिल्लं अजूनही मोठ्या प्रमाणावर समुद्रातूनच पकडतात. वाहत्या शेवाळाच्या सावलीत ती घोळक्याने फिरत असतात, तिथून.

याच इंग्रजी नावाखाली आणखी बरेच मासे विकले जातात आणि त्यांचं एकमेकांशी फारसं नातं नाही. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचा चपटा तळमासा, फ्लोरिडा ते ब्राझील पट्ट्यातला स्नॅपर, आणि चक्क आपल्या गंगेतला पांगाससुद्धा. त्यामुळे ‘यलोटेल तब्येतीला चांगला का’ या प्रश्नाला कुठला यलोटेल हे कळल्याशिवाय उत्तर नाही.

जपानी बुरीच्या पिवळ्या पट्ट्यामागची साखळी मला फार आवडते. समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ कॅरोटिनॉइड बनवतं. ते खाणारे बारीक कोळंबीसारखे जीव त्याचं रूपांतर तांबड्या अस्टाझँथिनमध्ये करतात. त्यांना छोटे मासे खातात, छोट्या माशांना बुरी खातो, आणि बुरीच्या शरीरात त्या तांबड्या द्रव्याचं पायरीपायरीने पिवळं ट्युनाझँथिन होतं. तेच जाऊन बसतं कातडीत आणि परांत. पिंजऱ्यातल्या माशाच्या खाद्यात कॅरोटिनॉइड कमी पडलं तर हा पट्टा फिका दिसतो. मासा त्याने निकृष्ट ठरत नाही. रंगाचा कच्चा माल पोचला नाही, एवढंच.

उलटं उदाहरणही आहे, आणि ते आपल्या ताटातलं आहे. हॉटेलांत ‘बासा’ म्हणून जे पांढरं, बिनकाट्याचं फिले येतं, ते पांगासच्या नात्यातल्या, मूळच्या मेकाँग खोऱ्यातल्या माशाचं असतं. आंध्र प्रदेशात त्याची तळ्यांमधून मोठी शेती होते. या माशाच्या खाद्यात मक्यासारखे पिवळ्या द्रव्याचे पदार्थ जास्त झाले तर मांसावर पिवळी झाक येते, आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. अंड्याच्या बलकात हाच रंग गडद दिसावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात मुद्दाम झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घालतात. रंगद्रव्यं एकाच कुळातली. एकीकडे भाव चढतो, दुसरीकडे पडतो.

बडोद्यात बसून पिवळी शेपूट बघायची असेल तर जपानला जायला नको. वेरावळच्या बंदरावर उतरणाऱ्या मासळीत राणी मासा भरपूर असतो. गुलाबी अंग, त्यावर डोक्यापासून शेपटीकडे जाणाऱ्या बारीक सोनेरी-पिवळ्या रेघा, आणि शेपटीच्या वरच्या टोकाला दोऱ्यासारखा लांब निघालेला पिवळा तंतू. मासा ताजा असतो तेव्हा हा तंतू स्पष्ट दिसतो. बर्फात दाबला, टोपल्यांतून चार वेळा उलटापालटा झाला की तो तुटूनच जातो. याच माशाचा मोठा हिस्सा वेरावळच्या कारखान्यांत सुरिमी बनवायला जातो. सुरिमी म्हणजे धुऊन, रंग-वास काढून केलेला माशाचा लगदा. परदेशातल्या ‘क्रॅब स्टिक’मध्ये खेकडा औषधालाही नसतो, असतो तो हा लगदा, वरून तांबडा रंग लावलेला.

ताज्या बांगड्याकडेही नीट बघा. पाठीच्या खाली सोनेरी झाक असलेले पट्टे दिसतात, वरचे पर पिवळसर असतात. कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या, पिवळ्या परांच्या जातीत पाठीमागची छोटी छोटी परं अगदी भडक पिवळी, काळ्या किनारीची. पाण्याबाहेर काढल्यावर हे रंग भराभर उतरतात, कारण जिवंतपणी रंगपेशींवर नसांचा ताबा असतो आणि मेल्यावर तो सुटतो. म्हणून मासळीवाले रंग बघायला सांगतात त्यात तथ्य आहे, पण थोडंच. रंग उतरलेला मासा नीट बर्फात ठेवलेला असेल तर खायला उत्तम असू शकतो, आणि रंग शाबूत असलेला मासा उन्हात तीन तास पडून राहिलेला असू शकतो. डोळे फुगीर आणि स्वच्छ आहेत का, कल्ले तांबडे आहेत का, बोट दाबलं तर खळगा भरून येतो का, हे जुनंच शहाणपण जास्त कामाचं.

पण या सगळ्या परीक्षांतूनही निसटणारी एक गोष्ट आहे, आणि मासळीच्या बाबतीत मला खरी काळजी तिचीच वाटते.

हिस्टामिन

बांगडा, तारली, कुपा आणि आपला हा यलोटेल, या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल मोकळ्या स्वरूपात भरपूर असतं. सगळ्या माशांत ते इतकं नसतं. मासा मेला की कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जिवाणू मांसात पसरतात. त्यांतल्या काहींकडे असं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, की ते हिस्टिडिनचं हिस्टामिन करून टाकतं. मासा थंडगार राहिला तर हे काम जवळपास ठप्प होतं. उबेत पडला तर काही तासांत भलतंच वाढतं.

हे हिस्टामिन म्हणजे तेच, जे अंगावर गांधी उठतात तेव्हा आपल्याच शरीरात सुटतं. त्यामुळे असा मासा खाल्ल्यावर दहा मिनिटांपासून तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, अंगाला खाज सुटते, कधी उलटी-जुलाब होतात. घरचे म्हणतात, याला मासळीची ॲलर्जी आहे. ती ॲलर्जी नसते. पुढच्या आठवड्यात तोच माणूस नीट ठेवलेला बांगडा खातो तेव्हा काही होत नाही. बहुतेकांना हा त्रास काही तासांत ओसरतो, डॉक्टर ॲलर्जीवरचीच गोळी देतात आणि ती लागू पडते. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी मात्र अंगावर काढू नये.

वाईट भाग पुढे आहे. हिस्टामिनला रंग नाही, बहुधा वासही नाही; कधीकधी जिभेला मिरीसारखी चुणचुण लागते, तेवढीच खूण. एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून जात नाही, कालवणात उकळून जात नाही, फ्रीजरमध्ये टाकून जात नाही, डबाबंद करतानाच्या उष्णतेतही टिकतं. कोकम, चिंच, हळद, काहीही लावा. आंतरराष्ट्रीय अन्नसंहिता, म्हणजे कोडेक्स, अशा जातींच्या माशांत किलोला 200 मिलिग्रॅम ही आरोग्याच्या दृष्टीने वरची मर्यादा धरते. घरात ते मोजण्याचं साधन नाही.

बडोदा समुद्रकाठचं नाही. वेरावळहून इथे यायला रस्त्याने 400 किलोमीटरहून जास्त अंतर पडतं, आणि वाटेतली मालाची प्रत्येक चढउतार, प्रत्येक ट्रक बदलणं म्हणजे बर्फ वितळायची संधी. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा तर बाजारात येणारा समुद्री मासा बहुतेक साठवणीतलाच. श्रावण पाळणाऱ्या घरांचा प्रश्न आपोआप सुटतो. बाकीच्यांनी बांगडा-तारली घेताना रंगाची चर्चा थोडी कमी करून मासा बर्फाच्या वर ठेवलाय की आत गाडलाय हे बघावं. घरी जाताना वाटेत सूरसागरला चक्कर मारून, शेव-उसळ खाऊन मग मासा फ्रीजमध्ये टाकणं, हे मे महिन्यात तरी नको.

मोठ्या यलोटेलसारख्या शिकारी माशांच्या बाबतीत उष्ण कटिबंधातल्या प्रवाळखडकांजवळ आणखी एक विष आढळतं, सिग्वाटेरा. तेही सूक्ष्म शेवाळातून अन्नसाखळीत चढत येतं. मघाशी पिवळा रंग ज्या वाटेने वर चढला, साधारण त्याच वाटेने. त्यालाही रंग-चव नाही आणि शिजवून ते जात नाही.

कुंडीतली पिवळी

आता ग्रुपवरच्या त्या फोटोकडे येऊ. शंभरातले बहुतेक फोटो एकाच जातीचे असतात: ल्युकोकोप्रायनस बर्नबौमी. उष्ण प्रदेशातली ही अळंबी कुंड्यांच्या मातीतून जगभर फिरली. इंग्लंडमध्ये जेम्स बोल्टन यांनी 1788 साली तिचं चित्र छापलं ते काचघरात सापडलेल्या नमुन्यावरून. आजचं नाव आलं प्रागच्या एका काचघरातल्या नमुन्यावरून, 1839 साली. थंड देशांत ती अशी उबदार काचघरांतच सापडायची. आपल्याकडे तिला काचघर लागत नाही, जुलैतली गॅलरी पुरते.

सकाळी सहाला बघाल तर टोपी अंड्यासारखी मिटलेली असते, वर पिठूळ पिवळे कण. बोट लावलं तर ते बोटाला येतात. दुपारपर्यंत ती घंटेसारखी उघडते, कडेला बारीक खाचा दिसू लागतात, दांड्यावर नाजूक कडं असतं. टोपी साधारण दोन ते पाच सेंटिमीटर. टोपीखालचे पातळ पडदेही फिके पिवळे, पण त्यातून पडणारे बीजाणू पांढरे. दुसऱ्या दिवशी सगळं मान टाकतं. कुंडी उकरली तर मातीत खसखशीएवढे पिवळट-पांढरे दाणे सापडतात. ते किड्यांची अंडी नव्हेत, बुरशीचीच राखीव गाठोडी आहेत. त्यांच्यामुळे अळंबी उपटून टाकली तरी पुढच्या पावसात पुन्हा हजर.

हिचा पिवळा रंग कॅरोटिनॉइडचा नाही. 2005 साली शास्त्रज्ञांनी त्यातली रंगद्रव्यं वेगळी करून त्यांना बर्नबौमिन असं नाव दिलं. रचना पूर्ण वेगळी, नायट्रोजन असलेली. म्हणजे हापूसचा पिवळा आणि या छत्रीचा पिवळा दिसायला शेजारी, रसायनशास्त्रात अनोळखी.

झाडाला ती काही करत नाही. मेलेला पालापाचोळा, कोकोपीट कुजवून जगते, आणि त्यातून झाडाचा थोडा फायदाच होतो. खाल्ली तर मात्र पोट बिघडतं, उलट्या होतात. घरात रांगतं मूल किंवा कुत्र्याचं पिल्लू असेल तर उपटून कचऱ्यात टाका, पाणी थोडं कमी घाला, बास. बुरशीनाशक ओतायची गरज नाही. तुळशीची पानं धुऊन नेहमीसारखी वापरा.

(बागेत लाकडाच्या भुश्यावर किंवा पाल्यावर पिवळा, ओकल्यासारखा फेसाळ गोळा दिसला तर ती अळंबीच नाही. तो फुलिगो नावाचा श्लेष्मकवक. संथपणे सरकतो, जिवाणू खातो, आणि बुरशीच्या गणगोतात मोडत नाही. त्याचंही निमंत्रण पावसाचंच.)

भाच्याची महागडी अळंबी

पुण्याचा भाचा ज्या अळंबीबद्दल बोलत होता ती कॅन्थरेल. ही खरोखर मौल्यवान आहे आणि तिचा पिवळा रंग खरोखर कॅरोटिनॉइडचा, मुख्यतः गाजरातल्याच बीटा-कॅरोटीनचा. वासाला जर्दाळूसारखी. तिची ओळख रंगात नसून टोपीच्या खालच्या बाजूला आहे. इतर अळंब्यांना तिथे पुस्तकाच्या पानांसारखे सुटे पातळ पडदे असतात. कॅन्थरेलला नुसत्या बोथट सुरकुत्या, फाटे फुटत दांड्यावर उतरत गेलेल्या. नखाने त्या सुट्या करता येत नाहीत. आतून गर पांढरट आणि भरीव. युरोपात तिच्याशी गोंधळ होतो तो ओम्फॅलोटस या केशरी-पिवळ्या विषारी अळंबीचा. ओम्फॅलोटसचे पडदे खरे, धारदार. ती लाकडावर झुबक्याने उगवते आणि अंधारात मंद चमकते. कॅन्थरेल जमिनीवर, सुटी सुटी.

ती महाग का, याचं उत्तर जमिनीखाली आहे. कॅन्थरेल कुजलेल्या पाल्यावर जगत नाही. जिवंत झाडाच्या मुळांभोवती तिचे तंतू वेटोळं घालतात. झाड साखर देतं, ती पाणी आणि खनिजं देते. झाडाशिवाय ती फळत नाही, त्यामुळे ढिंगरी-बटणसारखी शेडमध्ये लावता येत नाही. 1997 साली स्वीडनमध्ये पाइनच्या रोपांबरोबर काचघरात ती उगवून दाखवली गेली, पण बाजारातला माल अजूनही जंगलातूनच वेचून येतो.

आणि ती कुठल्याही झाडाशी असा संसार थाटत नाही. तिला ओक, पाइन, देवदार, साल यांसारखी झाडं लागतात, ज्यांच्या मुळांवर या प्रकारची बुरशी बाहेरून खोळ चढवते. हिमालयात आणि सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यांत म्हणूनच कॅन्थरेलच्या जाती मिळतात. पावागड-जांबुघोड्याकडची जंगलं सागाची, बांबूची, मोहाची. सागाच्या मुळांतली बुरशी निराळ्या जातकुळीची. ती जमिनीवर छत्री काढतच नाही. सालाची जंगलं गुजरातेत नाहीत. त्यामुळे पावागडच्या सहलीहून कुणी ‘कॅन्थरेल सापडलं’ म्हणून पिशवी घेऊन आला, तर दाद देण्याआधी पिशवी बाजूला ठेवावी.

पिवळंच खायची हौस असेल तर पिवळी ढिंगरी आहे. लाकडावर वाढणारी, मूळची पूर्व आशियातली, आणि भुश्यावर किंवा पेंढ्यावर सहज लागवड होणारी. हिच्यात ओळखण्याचा प्रश्न येत नाही, कारण बियाणं कुठून आलं हे लावणाऱ्याला माहीत असतं. नीट शिजवून खा; पिवळा रंग कढईत बराचसा उडतो.

शतकांचा अनुभव आणि फ्रान्समधली बारा माणसं

‘आमचे पूर्वज खात आले’ हा युक्तिवाद आदिवासी भागांतल्या अळंब्यांबद्दल मी गांभीर्याने घेतो. पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे ते, आणि त्यात जागा, झाड, महिना, वास सगळं येतं. पण त्यालाही भोकं असू शकतात, आणि त्याचा सगळ्यात बोलका दाखला पिवळ्याच अळंबीचा आहे.

ट्रायकोलोमा इक्वेस्ट्रे, पाइनच्या जंगलात वाळूत उगवणारी, टोपी-पडदे-दांडा सगळं पिवळं. युरोपात शतकानुशतकं चवीने खाल्ली गेली, फ्रान्समध्ये तर उंची समजली जायची. 1992 ते 2000 या काळात नैर्ऋत्य फ्रान्समध्ये 12 जण ही अळंबी लागोपाठच्या जेवणांत भरपूर खाऊन आजारी पडले. पोट बिघडलं नाही. मांड्या दुखू लागल्या, अशक्तपणा आला, लघवी गडद झाली. स्नायूंच्या पेशी फुटून आतला ऐवज रक्तात उतरत होता. तिघं दगावले. 2001 साली हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे फ्रान्सने विक्री बंद केली.

मग इतकी वर्षं कुणाला कळलं कसं नाही? एकदा मूठभर खाणाऱ्याला काही झालं नव्हतं. चार-पाच जेवणं सलग खाणारा क्वचित, आणि अळंबी खाल्ल्यावर काही दिवसांनी दुखणाऱ्या मांड्यांचा संबंध जेवणाशी कोण जोडणार? पुढे काही संशोधकांनी असंही मांडलं, की खूप प्रमाणात दिल्या तर इतर काही खाद्य अळंब्यांतही असा परिणाम दिसतो. तो वाद अजून चालू आहे.

ज्याला रंग नाही ते

अळंबीच्या विषांत सगळ्यात घातक ती अमाटॉक्सिन. ती ज्या अळंब्यांत असतात त्या पांढऱ्या आहेत, पिवळट-हिरव्या आहेत, तपकिरी आहेत. एप्रिल 2022 मध्ये आसामच्या चहामळ्यांतल्या कुटुंबांनी रानातून वेचलेली अळंबी खाल्ली आणि काही दिवसांत 13 माणसं गेली. अशा बातम्या तिकडून दर काही वर्षांनी येतात.

हे विष पेशीतलं एक यंत्र बंद पाडतं: जनुकांवरून संदेश उतरवून घेणारं विकर. ते थांबलं की नवी प्रथिनं बनत नाहीत, आणि हे काम सतत करणारं यकृत आधी कोसळतं. लक्षणं सुरू व्हायला सहा ते बारा तास, कधी चोवीस तास लागतात. उलट्या, जुलाब. मग एक-दीड दिवस बरं वाटतं. घरचे म्हणतात उतार पडला, आणि नेमकं त्याच वेळी यकृत आत मरत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते तेव्हा डॉक्टरांच्या हातात थोडंच उरलेलं असतं. उकळून, वाळवून, लोणचं घालून हे विष जात नाही.

आपल्याकडे घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या परीक्षा इथे सगळ्या नापास होतात. चांदीचा चमचा काळा पडणं, लसूण किंवा तांदूळ रंग बदलणं: अमाटॉक्सिन यातल्या कशालाच हात लावत नाही. ‘किड्यांनी खाल्लंय म्हणजे चांगलं’ हे तर अगदीच धोक्याचं. गोगलगायी आणि अळ्या अशा अळंब्या आरामात खातात, त्यांचं शरीर वेगळं. आणि ‘पांढरी असली की बिनविषारी’ म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यात हिरवळीवर येणाऱ्या मोठ्या पांढऱ्या छत्र्या आठवाव्यात. त्यांचे बीजाणू हिरवट पडतात, आणि त्या खाऊन एक-दोन तासांत जबरदस्त ओकाऱ्या होतात.

यात एक आडाखा डॉक्टरही वापरतात. खाल्ल्यापासून दोन-तीन तासांत उलट्या झाल्या तर बहुधा पोटाचं विष, त्रास खूप पण सुटका होते. सहा तासांनंतर सुरू झाल्या तर यकृताचा धोका धरून चालायचं. हा आडाखाही पक्का नाही, कारण दोन प्रकारच्या अळंब्या एकाच भाजीत असू शकतात.

म्हणून कुणी रानातली किंवा बागेतली अळंबी खाल्ली असेल आणि त्रास सुरू झाला, तर घरगुती उपाय करत रात्र काढू नका. सयाजी हॉस्पिटल असो की जवळचं दुसरं मोठं रुग्णालय, थेट तिथे जा. उरलेली अळंबी मातीसकट, मुळाच्या गाठीसकट कागदात गुंडाळून न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घाम सुटून लगदा होते आणि ओळखता येत नाही. शिजवलेली भाजी उरली असेल तर तीही न्या. किती वाजता खाल्लं, किती वाजता पहिली उलटी झाली, आणखी कुणी कुणी खाल्लं, हे कागदावर लिहून ठेवा. ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांनाही बरोबर घ्या. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, तिथून डॉक्टरांना फोनवर सल्ला मिळतो. आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून डिस्चार्ज मागू नका. यकृताच्या तपासण्या पुढचे दोन-तीन दिवस लागोपाठ कराव्या लागतात.